अमास्यात गाजलेला तीळ

"कुठल्या मोहल्ल्यात राहते ती?" शेहरीबानने नवऱ्याला विचारलं.

रिफ्की एफेंदी त्या वेळी भेंडीची माळ खुंटीला अडकवत होते. तुर्कस्तानातल्या आमच्या अमास्या गावात बोटाच्या पेराएवढी भेंडी दोऱ्यात ओवून वाळवतात आणि हिवाळाभर तिचं कालवण खातात. माळ अडकवताना माणसाचे दोन्ही हात वर असतात, पायांखाली डगमगतं स्टूल असतं, आणि त्याला कुठे जाता येत नाही. अमास्यातल्या बायका नाजूक विषय काढायला हीच वेळ धरतात.

"कोण?" रिफ्की एफेंदींनी खुंटीकडे बघत विचारलं.

"तीळवाली."

रिफ्की एफेंदी ('एफेंदी' म्हणजे आमच्याकडचं 'राव') काझीच्या कचेरीत कारकून होते. कुणाची बकरी कुणाच्या मळ्यात शिरली, कुणाच्या पन्हळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडलं, हे ते दिवसभर सुवाच्य अक्षरात उतरवून घेत. पण दर गुरुवारी दुपारी ते कवी असत. कवी म्हणून त्यांचं नाव 'गमनाक', म्हणजे दुःखाने काठोकाठ भरलेला. देहाने मात्र ते दुसऱ्याच कशाने तरी काठोकाठ भरलेले होते. विरहात आपण केसासारखे वाळलो, असं त्यांनी ज्या महिन्यात लिहिलं, त्याच महिन्यात शेहरीबानने त्यांच्या विजारीला कमरेपाशी पट्टी जोडली होती.

"अगं, ती कुठेच राहत नाही."

"म्हणजे मुसाफिर आहे?"

"नाही. ती नाहीच."

"अरे देवा, वारली?"

"वारली नाही. म्हणजे कधी जन्मलीच नाही. ती गझलेत असते."

"आणि गझल संपल्यावर?"

या प्रश्नाचा रिफ्की एफेंदींनी आजवर विचार केला नव्हता.

आमच्याकडे कवीची प्रिया कशी असावी हे वाडवडिलांनी ठरवून ठेवलेलं आहे. उंचीने सुरूचं झाड, चेहऱ्याने चंद्र, भुवया धनुष्य, पापण्या बाण, केस साप, हनुवटीची खळी म्हणजे विहीर. कंबर केसाएवढी. तोंड इतकं लहान, की असलं तर असलं. स्वभावाने खाटीक. ती कवीकडे कधीही पाहत नाही. पाहिलं तर तो मरतो. न पाहिल्यानेही मरतो, पण सावकाश, म्हणजे मधल्या वेळात लिहून होतं. अशी बाई कुणाच्याही ओळखीची नसते, हे प्रत्येक कवीला ठाऊक असतं. मात्र ते बोलून दाखवणं म्हणजे हमामात शेजाऱ्याचा पंचा ओढण्यासारखं.

घोळ असा होता, की हेच शब्द बायकाही वापरत, पण कामाला. मुलगा लग्नाचा झाला की त्याची आई आणि आत्या हमामात जाऊन बसत, वाफेतून पोरी न्याहाळत आणि घरी येऊन सांगत: सुरूसारखी उंच आहे, भुवया धनुष्यासारख्या, गालावर तीळ. मग त्या शब्दांपाठोपाठ बापाचं नाव, मोहल्ला आणि पाणी भरण्याची वेळही येई. त्यामुळे 'गालावर तीळ' असं कुणी म्हटलं, की अमास्यातल्या कुठल्याही बाईच्या तोंडून पुढचा शब्द आपोआप निघे: "कुणाची?"

शेहरीबानने तेच विचारलं होतं.

"मला बघायला तुमची आत्या आली होती," ती म्हणाली. "घरी जाऊन काय सांगितलं तिनं माझ्याबद्दल? आठवतंय?"

रिफ्की एफेंदींना आठवत होतं. पण स्टूल डगमगत होतं.

"'दात भक्कम आहेत.' एवढंच. घोडी बघायला आल्यासारखं. आणि त्या सटवीला चंद्र, सुरू, धनुष्य! पाणचक्कीवर बायका म्हणत होत्या तुमची ती ओळ. 'हजार जीव' काय ते. अख्ख्या अमास्याला माहीत, फक्त मलाच नाही."

ओळ खरोखरच गाजली होती. गेल्या गुरुवारी ती म्हटल्याबरोबर मैफलीतल्या एका म्हाताऱ्याने स्वतःची टोपी जमिनीवर आपटली होती.

*सुरूपरी उभी सखी, धनूसमान भोवई,*
*हजार जीव घेउनी उपाशि राहि तीळ तो!*

"ते सोडा," शेहरीबान म्हणाली. "तिच्या उंबऱ्याची धूळ होऊन पडलोय, असं पण आहे म्हणे त्यात. आपला उंबरा झाडा म्हटलं की तुमची कंबर धरते. ते काही नाही. येत्या गुरुवारी सगळ्यांसमोर सांगायचं, अशी बाई नाही म्हणून. जे लोक 'वाहवा' म्हणाले, त्यांच्याच समोर."

"सांगतो," रिफ्की एफेंदी म्हणाले, आणि खाली उतरले.

ते खरंच सांगणार होते.

गुरुवारची मैफल लुत्फुल्ला एफेंदींच्या दुकानात भरे. लुत्फुल्ला एफेंदी मसाले आणि काढ्याची मुळं विकत. वय झालेलं, दम्याने बेजार, गुडघे असे की एकदा बसले तर उठवायला दोघं लागत. दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं आणि घरात पेंबे काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी. दालचिनीच्या पोत्यांमध्ये कवी बसत, सरबत पीत आणि आळीपाळीने मरत.

रिफ्की एफेंदी घसा साफ करून उभे राहिले. "मित्रहो, त्या तिळाबद्दल मला एक सांगायचं आहे."

"आधी आम्ही सांगतो!" लुत्फुल्ला एफेंदी खोकत म्हणाले. "तुम्ही बसा. आज तुम्ही नुसतं ऐकायचं."

आमच्याकडे एखादी गझल फार आवडली, की इतर कवी त्याच वृत्तात, तोच शेवटचा शब्द ठेवून आपापली जोडगझल लिहितात. यापरता मान नाही. त्या दिवशी दुकानातला प्रत्येकजण खिशात एकेक तीळ घेऊन आला होता.

लुत्फुल्ला एफेंदींनी सुरुवात केली. तिच्या उंबऱ्यावर आपण रात्रंदिवस पडून आहोत, असं त्यांनी दम्याच्या दोन उबळींमध्ये सांगितलं. मग मदरशाचे सुबुती मुल्ला उठले. त्यांनी त्या तिळापायी आपली सगळी विद्वत्ता नदीत सोडली होती; ती फार नव्हती, पण सोडली हे खरं. शेवटी यादिगार आगा उभे राहिले. ते फौजेतून निवृत्त झालेले, एका डोळ्याचे, आवाज मोकळ्या मैदानात कमावलेला. त्यांनी गर्जना केली:

*न तोफ ना सुरी तिची, न शत्रु ना लढाइ ती,*
*दृगास एक घेउनी हसे पुन्हाहि तीळ तो!*

दालचिनीची पोती हादरली. रिफ्की एफेंदींच्या डोळ्यांत पाणी आलं. एका कारकुनाच्या ओळीसाठी मुल्लाने विद्या सोडावी आणि आगाने डोळा द्यावा! अशा क्षणी उठून 'ती बाई नाही' म्हणणं त्यांना जमलं नाही. कुणालाच जमलं नसतं.

"आणि ते तुमचं काय सांगायचं होतं?" मुल्लांनी विचारलं.

"हेच, की तीळ डाव्या गालावर आहे," रिफ्की एफेंदी म्हणाले.

दुकानाच्या छताला फटी होत्या. वर पेंबे काकू अक्रोड फोडत होत्या, आणि 'रात्रंदिवस पडून आहे' इथे त्यांचा हात थांबला होता. रिफ्की एफेंदी घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती आणि शेहरीबानने गाठोडं बांधलं होतं.

"तुमच्या एकट्याचीच नाहीये ती," शेहरीबान म्हणाली. "सगळ्यांचीच आहे. डावा गाल काय!" आणि पूल ओलांडून ती भावाच्या घरी निघून गेली.

पुढचा बायकांचा वार आला तसा हमाम गच्च भरला. गरम दगडावर मधोमध पेंबे काकू, शेहरीबान आणि यादिगार आगांची बायको दोंदू बसल्या होत्या. बाकीच्या खडावा न वाजवता जवळ सरकत होत्या.

"एकच बाई आहे," पेंबे काकूंनी निकाल दिला. "उंची तीच, भुवई तीच, तीळ तोच. आमचे हे तिच्या उंबऱ्यावर पडून असतात म्हणे. अगं, हे पडले तर उठवतं कोण यांना? मला तर कधी निरोप आला नाही!"

"मला म्हणाले होते लढाईत गेला!" दोंदू रडत होती. "डोळा! बारा गावांना मी सांगत फिरले, लढाईत गेला, लढाईत गेला. आणि स्वतःच्या तोंडानं म्हणतायत, तोफ नाही, शत्रू नाही, तिनंच नेला म्हणून!"

"पापणीनं गेला असेल," एक कोवळी सून हळहळली. "बाणासारख्या आहेत ना."

"आणि रकीब?" शेहरीबान म्हणाली. "प्रत्येकाच्या गझलेत तो मेला रकीब, म्हणजे तिचा दुसरा आशिक, आहेच. 'मी बाहेर धुळीत, आणि रकीब आत मजेत.' म्हणजे यांना पक्कं ठाऊक आहे, आत कोण असतं ते. मुल्ला धुळीत असतात तेव्हा आमचे हे आत, हे धुळीत तेव्हा लुत्फुल्ला काका आत. आणि गुरुवारी सगळे मिळून सरबत पितात! लाज नाही."

या हिशेबात कुणालाही खोट काढता आली नाही. लुत्फुल्ला काका आत, या कल्पनेने पेंबे काकू जरा ताठ बसल्या, पण ती शंका होती की कुतूहल, ते वाफेत कळलं नाही.

झडती सुरू झाली. येणाऱ्या प्रत्येकीचा डावा गाल उजेडाकडे वळवून पाहिला जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात तिळवाल्या बायका तोंड लपवत होत्या. दुसऱ्या आठवड्यात गोष्टीने वेगळंच वळण घेतलं. जिच्यापायी मुल्लाने विद्या सोडली आणि आगाने डोळा दिला ती बाई आपण असू, असा संशय इतरांना यावा, यात वाईट काय, असं एकेकीला वाटू लागलं. शिंपिणीच्या गालावर अचानक तीळ आला. मग तिच्या नणंदेच्या. मग जिच्या गालावर जागाच उरली नव्हती, अशा सुरकुतलेल्या एका आजीच्या. सगळ्या सुरूसारख्या ताठ चालायला लागल्या. दोघींच्या पाठीत उसण भरली. काजळाचे ते तीळ वाफेने ओघळून हनुवटीच्या विहिरीत उतरत, आणि तरी कुणी मागे हटेना.

"मी नाही हो ती," शिंपीण खाली बघत म्हणे, आणि अशा सुरात म्हणे की ऐकणारीला खात्री पटावी.

या सगळ्यात शेहरीबानचं आसन मात्र उंचावलं होतं. पहिली ओळ तिच्या नवऱ्याची, त्यामुळे पहिला अन्यायही तिचाच. तिला दगडावर मधली जागा मिळे. बायका तिच्यासाठी खसखशीचे पाव आणत. तिचे केस विंचरायला दोघी-दोघी पुढे येत.

इकडे रिफ्की एफेंदींच्या घरात बल्गर, म्हणजे गव्हाचा दलिया, करपला होता. त्याखालचं भांडंही करपलं होतं. दुसऱ्या भांड्यातही पहिल्याचाच वास येत होता. आयुष्यात प्रथमच त्यांना खरा विरह झाला होता, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना एक ओळ सुचेना. 'पन्हळीचं पाणी वाहतं तसे माझे अश्रू' एवढं सुचलं, पण पुढे आपोआप 'प्रतिवादीच्या अंगणात' आलं. विजार सैल झाली होती. ती त्यांनी दोरीने बांधली आणि मेहुण्याच्या घरी निघाले.

मेहुणा दुर्मुश पाणचक्कीचा मालक. त्याच्या दारात काराबाश नावाचा धनगरी कुत्रा बांधलेला असे. निदान सगळ्यांची तशी समजूत होती. प्रियेच्या गल्लीतल्या कुत्र्याचाही आपण दास आहोत, असं रिफ्की एफेंदींनी पूर्वी दोनतीन ठिकाणी लिहिलं होतं. काराबाशने ते वाचलेलं नव्हतं. त्याने विजारीचा पाय धरला आणि सोडायचं नाव काढेना. रिफ्की एफेंदी उंबऱ्यावर आडवे पडले. धूळ भरपूर होती.

वरच्या जाळीतून आवाज आला. "कोण आहे?"

"मी! शेहरीबान, याला आवर!"

"तीळवालीच्या दारात पण असाच आरडाओरडा करता?"

"तिच्याकडे कुत्रा नाहीये गं!"

"बघा! म्हणजे तिच्या घरचं सगळं माहितीय!"

"भाऊजी, हलू नका," दुर्मुश आतून पीठ झाडत आला. "हललं की जास्त धरतो तो. काय हो हे, एवढा शिकला-सवरलेला माणूस, आणि बाई ठेवली तीपण सामायिक?"

रिफ्की एफेंदींनी धुळीतूनच वर पाहिलं. "शेहरीबान, मी गुरुवारी सांगतो. या खेपेला नक्की सांगतो. तू वर पेंबे काकूंकडे येऊन बस आणि स्वतःच्या कानांनी ऐक. मग तरी घरी येशील?"

जाळी जराशी किलकिली झाली.

"ऐकते," ती म्हणाली. "मग बघू."

गुरुवारी दुकान भरलं होतं. वर अक्रोड फुटत नव्हते, म्हणजे बायका छताच्या फटीशी कान लावून होत्या. रिफ्की एफेंदी उभे राहिले. विजारीला एका पायाला निराळ्या रंगाचं ठिगळ होतं, ते त्यांनी स्वतःच लावलं होतं आणि ते तसंच दिसत होतं.

"मित्रहो," ते म्हणाले, "ती बाई नाही."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"सुरू नाही, चंद्र नाही, तीळ नाही. मी तिला कधी पाहिलं नाही. मी तिच्या उंबऱ्यावर कधी पडलो नाही. मी फक्त माझ्या मेहुण्याच्या उंबऱ्यावर पडलोय. सगळं मी बसल्या जागी, कचेरीत, बकरीच्या दाव्याच्या पाठकोऱ्या कागदावर रचलं."

सुबुती मुल्लांनी सरबताचा पेला खाली ठेवला. लुत्फुल्ला एफेंदींचा खोकला मध्येच थांबला. आता बाकीच्यांनी 'आमचंही तसंच' म्हटलं असतं, तर विषय तिथेच मिटला असता. पण छताला कान आहेत, हे त्यांनाही ठाऊक होतं. महिनाभर गावातल्या बायका त्यांच्याकडे वळून बघत होत्या. यादिगार आगांना पाहून तर बाजारात एक परकी बाई लाजली होती. इतक्या वर्षांत असं घडलं नव्हतं, आणि हातात आलेलं ते सोडायला कुणी तयार नव्हतं.

"तुमची नसेल," मुल्ला शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमच्यापुरती नसेल. आम्ही तरी तुमच्यासारखं कसं म्हणावं? आम्ही पाहिलीय."

"हो, हो, पाहिलीय," लुत्फुल्ला एफेंदी म्हणाले. "लांबून. पण पाहिलीय."

"मी तर डोळा दिलाय!" यादिगार आगा गरजले.

"आगा, तो डोळा तुमच्या भाच्याने गोफणीने फोडला!" रिफ्की एफेंदी ओरडले. "दावा आमच्याच कचेरीत आला होता, मीच लिहून घेतला!"

"ते तुम्ही लिहून घेतलंत. जे घडलं ते निराळं."

"काय आहे गमनाक एफेंदी," मुल्लांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात इतका कळवळा होता, की रिफ्की एफेंदींना तो कुत्र्याच्या दातांपेक्षा जास्त लागला. "सगळ्यांचंच नशीब सारखं नसतं. तिनं तुमच्याकडे पाहिलं नसेल. तिला वाटलं असेल, कारकून आहे. शिवाय अंगानं जरा... मनाला लावून घेऊ नका."

"बिचारे," कुणीतरी म्हणालं.

"आणि आम्ही उगाच यांना मोठे समजत होतो," आणखी कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात छतावर दाणदाण पावलं वाजली. फटीतून अक्रोडाची टरफलं मुल्लांच्या पगडीवर पडली, आणि त्यांच्या मागोमाग शेहरीबानचा आवाज.

"काय कमी आहे हो माझ्या नवऱ्यात?"

दुकानातले सगळे वर बघू लागले. अमास्यात बायका मैफलीत बोलत नाहीत. पण छत बोललं तर त्याला काय करायचं, हे कुणाला माहीत नव्हतं.

"सगळ्यात आधी कुणाला दिसली ती? यांना! पहिली ओळ कुणाची? यांची! तुम्ही सगळे मागून आलात, यांचं ऐकून! आणि लुत्फुल्ला काका, तुमच्याकडे बघेल ती, आणि यांच्याकडे नाही? उठता तरी येतं का तुम्हाला?"

"शेहरीबान, अगं, ती नाहीच," रिफ्की एफेंदी छताकडे हात जोडून म्हणाले. "तूच तर म्हणालीस, सांगा म्हणून."

"तुम्ही गप्प बसा! आहे ती! मला माहितीय ना! घर सोडून गेले मी, ते काय उगाच? जी बाईच नाही तिच्यासाठी कुणी गाठोडं बांधतं? हे भिडस्त आहेत, म्हणून नाही म्हणतायत. मला वाईट वाटू नये म्हणून!"

वर बायकांमध्ये कुजबुज झाली. "खरंच की गं," पेंबे काकूंचा आवाज आला. "किती जपतो बायकोला."

खाली मुल्लांनी टरफलं झाडली. या युक्तिवादापुढे त्यांची उरलीसुरली विद्या चालली नाही. त्यांनी उठून रिफ्की एफेंदींना आपली गादीवरची जागा दिली.

घरी परतताना पुलावर शेहरीबान दोन पावलं पुढे होती, आणि तिचं गाठोडं रिफ्की एफेंदींच्या डोक्यावर. खाली पाणचक्क्या कुरकुरत फिरत होत्या. पुलाच्या मध्यावर ती थांबली. तिने तोंडावरची ओढणी सारखी केली आणि नदीकडे बघत विचारलं:

"इथे कुणी नाहीये. खरं सांगा. तिनं तुमच्याकडे पाहिलं होतं ना?"

रिफ्की एफेंदींनी एक पाऊल मागे, एक पुढे टाकलं. गेली कित्येक वर्षं ते शपथेवर लिहीत आले होते, की ती पाहत नाही. वाडवडिलांचा नियम तसा होता. 'नाही' म्हणावं तर कवितेला धरून होतं आणि सत्यालाही धरून होतं. फक्त घर अजून पुलाच्या पलीकडे होतं.

"पाहिलं होतं," ते म्हणाले.

"नीट? की ओझरतं?"

"चांगलं नीट."

"आणि लुत्फुल्ला काकांकडे?"

"छे! ढुंकूनसुद्धा नाही."

शेहरीबानने नवऱ्याच्या डोक्यावरचं गाठोडं काढून स्वतःच्या काखेत घेतलं आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

"उद्या हमामात पेंबे काकूंना सांगते," ती म्हणाली. "हळूच सांगते. त्यांना फार लागायला नको."